नसलेलं बावखल

सैन्याच्या क्वार्टर्सना पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळवून देण्याचं काम माझ्याकडे आलं ते माझी अक्कल पाहून नव्हे. कागद नीट पंच करून, खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवून फायलीला लावणारी ऑफिसात मी एकटीच होते, म्हणून. आमच्या शेठचं ऑफिस नायगावला, खाडीच्या अंगाला होतं. नवं शतक उजाडून काही वर्षं झाली होती आणि सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन मी त्या ऑफिसात सात वर्षं काढली होती. त्या सात वर्षांत मला साइटवर नेलं जायचं ते हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं. या, बघा, निघा. काँक्रीट ओतताना उभं राहायचं काम माझ्यामागून आलेल्या मुलांना मिळायचं आणि त्यांची बिलं टाइप करायचं मला.

हे प्रमाणपत्र म्हणजे काय ते तेव्हा आमच्याकडे कुणालाच धड माहीत नव्हतं. वरून हुकूम निघाला होता की यापुढे जवानांच्या कुटुंबांसाठी जी घरं बांधली जातील त्यांना हिरव्या इमारतीचं मानांकन मिळालंच पाहिजे. ते कसं मिळवायचं याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. शेठने ते माझ्या टेबलावर आदळलं आणि म्हणाले की हे दहावीच्या गाइडसारखं आहे, कुठे किती गुण मिळतात ते बघ आणि पास करून दे. माणूस अडाणी असला तरी चुकीचं बोलला नव्हता. सायकली लावायला छप्पर केलं की गुण. गच्ची पांढरी रंगवली की गुण. राखेच्या विटा वापरल्या, कमी वासाचा रंग लावला, की गुण. दगड जवळपासचा वापरला तरी गुण, आणि आमची खडी तर आधीपासून चिंचोटीकडच्या खाणीतूनच येत होती. म्हणजे काहीही न करता आम्ही पर्यावरणाची सेवा करत होतो.

मी हसायचे, पण मला ते काम आवडलं. हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातून झालं. रोज चंदनसारच्या घरी ते पुस्तक न्यायचे. नवरा म्हणायचा, पोथी लावली आहेस का. ऑफिसातली मुलं आधी टिंगलीने 'ग्रीन मॅडम' म्हणायला लागली आणि मग दोन महिन्यांत खरोखरच काही अडलं की माझ्याकडे यायला लागली. शेठने शब्द दिला होता की मानांकन मिळालं की पुढच्या साइटची इन्चार्ज तू. सात वर्षं वाट पाहिलेल्या बाईला असा शब्द दिला की ती काय काय करू शकते हे शेठला माहीत असावं. मला नव्हतं.

आणि नशीब असं की ती जागा माझ्या मामाच्या वाडीला लागून होती.

माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. वडील नोकरीसाठी फिरतीवर असायचे, तेव्हा मामाने मला आपल्याकडे आणलं. वसईच्या किनाऱ्याकडच्या पट्ट्यात त्याची वाडी होती. केळी, सोनचाफा, मोगरा, आणि मागच्या बाजूला पानवेल. विड्याच्या पानांची ही वेल म्हणजे लाडावलेलं लेकरू, तिला ऊन सोसत नाही आणि पाणी जरा खारट झालं की ती मान टाकते. मामा-मामीला मूल नव्हतं, त्यामुळे त्या घरात लाड करून घ्यायला दोघीच होतो, मी आणि पानवेल. माझा डिप्लोमा त्या पानांवर झाला. फी भरायला मामा माझ्याबरोबर आला तेव्हा त्याच्या बोटांना पानाचा वास येत होता आणि मला त्याची लाज वाटली होती. तेही इथेच सांगून टाकते.

वाडीच्या टोकाला बावखल होतं. आमच्या भागाबाहेरच्या लोकांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. बावखल म्हणजे वाड्यांच्या मध्ये खणलेलं एक गोल तळं, काठाला उंबर, पाण्यात मासे. ना बांधीव पायऱ्या, ना देऊळ, दिसायला काही खास नाही. पावसाचं पाणी त्यात उतरायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी वर्षभर गोड ठेवायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीचं पाणी नारळाच्या पाण्यासारखं, ते या बावखलामुळे. पाच घरांचं मिळून ते होतं. वैशाखात एक दिवस ठरवायचे, पंप लावून उरलंसुरलं पाणी उपसायचं, मासे बाजूच्या डबक्यात सोडायचे आणि पाचही घरचे पुरुष आत उतरून गाळ काढायचे. गाळ घमेल्यांनी मोजून वाटून घ्यायचे, ज्याची वाडी सगळ्यात लांब त्याला पहिलं घमेलं. बायका तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी घेऊन काठावर बसायच्या.

या पाच घरांची एक रीत होती. जमिनीच्या वाटण्या व्हायच्या, भांडणं व्हायची, भाऊ भावाचं तोंड बघायचा नाही, पण बावखल कुणाच्या नावावर चढवायचं नाही. पाण्यावर नाव लिहिलं की पाणी आटतं, असं म्हणायचे. माझ्या आज्याच्या काळात सैन्याने शेजारची जागा घेतली तेव्हा मोजणीदार आला होता. त्याने विचारलं, हे तळं कुणाच्या नावे लावू. आज्याने आणि बाकीच्या चौघांनी हात जोडून सांगितलं की कुणाच्याच नाही, ते लिहूच नका. मोजणीदाराला काय, त्याने नाही लिहिलं. नकाशात ती जागा कोरी जमीन म्हणून सैन्याच्या हद्दीत गेली. कुंपण घालायला आलेल्या जवानांना चिखलात खांब रोवायचा कंटाळा आला म्हणून तार बावखलाच्या पलीकडून गेली. चाळीस वर्षं पाच घरांना वाटत राहिलं की बावखल आपलं आहे, आणि सैन्याला आत दोन पत्र्याच्या शेडपलीकडे त्या जागेत रस नव्हता. गाळाच्या दिवशी मामा पहारेकऱ्याला केळ्यांचा घड देऊन यायचा. सगळं सुरळीत होतं, कारण कुणी कागद काढून बघत नव्हतं.

कागद काढून बघायची पाळी माझ्यावर आली. क्वार्टर्सच्या चार इमारती नकाशावर मांडल्या होत्या, त्यातली तिसरी बरोब्बर बावखलावर बसत होती. आणि माझ्या त्या जाड पुस्तकात पहिल्याच प्रकरणात एक रकाना होता: जागेवर आधीपासून असलेलं पाण्याचं ठिकाण, आहे की नाही. 'आहे' लिहिलं तर ते राखायचं, त्याच्याभोवती अंतर सोडायचं, आणि ते बुजवलं तर बाकी कितीही गुण मिळवा, मानांकन नाही. 'नाही' लिहिलं तर काहीच नाही. उलट पाणी जिरवायची नवी टाकी बांधली की वेगळे गुण.

मी तो रकाना रिकामा ठेवून बाकीची अख्खी फाईल भरली. महिनाभर तेवढ्या एका चौकोनाभोवती फिरत होते. शेठला सांगितलं तेव्हा ते आधी समजेचनात. मग समजल्यावर त्यांनी सरकारी नकाशा पसरला, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, यात कुठे आहे तुझं तळं. यात नव्हतंच. इमारत हलवायची तर नकाशे पुन्हा वर पाठवावे लागतील, मंजुरी पुन्हा, एक पावसाळा जाईल, आणि तोवर हे काम दुसऱ्याच कुणाकडे गेलेलं असेल. हे सगळं ते न रागावता म्हणाले. शेवटी म्हणाले की मामाकडे काही कागद असेल तर आण, मी स्वतः इमारत हलवायला लावतो.

ते असं म्हणाले कारण त्यांना माहीत होतं कागद नाही. आणि मी मामाला विचारायला गेले, कारण मलाही माहीत होतं. 'नाही' हेच ऐकायचं होतं मला. मामा पानवेलीला दोऱ्याने आधाराला बांधत होता. मी विचारलं, बावखलाचा काही कागद आहे का. तो हसला आणि म्हणाला, पाण्याचा कसला कागद. मग म्हणाला की परवा गाळ काढायचा आहे, सुट्टी काढून ये, तुझी मामी एकटीने किती भाकऱ्या थापणार.

मी गेले. ऑफिसचा कॅमेरा पर्समध्ये होता. साइटचे फोटो फाईलला लावायचे होतेच. बावखल तळापर्यंत उपसलेलं, भेगाळलेला काळा चिखल, त्यात घमेली घेऊन उतरलेली माणसं. मी सहा फोटो काढले. मामाने माझ्या हातात कॅमेरा बघितला तेव्हा सदऱ्याची बाही खाली ओढली आणि सरळ उभा राहिला. त्याला वाटलं मी आठवण म्हणून काढते आहे. दुसऱ्या दिवशी मी ते फोटो फाईलला लावले आणि खाली इंग्रजीत लिहिलं: सखल पडीक भाग, उन्हाळ्यात कोरडा. शब्द न शब्द खरा होता. वर्षातल्या एकाच दिवसापुरता खरा होता, पण मी तोच दिवस निवडला होता. मग त्या रिकाम्या रकान्यात 'नाही' लिहिलं.

मी खुळी नव्हते आणि दुष्टही नव्हते, असं मला तेव्हा वाटायचं. माझ्या मनात एक योजना होती. तिसऱ्या इमारतीशेजारी पाणी जिरवायची मोठी टाकी मी नकाशात घालून घेतली होती. चारही गच्च्यांचं पाणी तिच्यात येणार, खाली वाळू आणि दगडगोट्यांचे थर, आणि ते पाणी थेट मामाच्या विहिरीच्या दिशेने मुरणार. बावखल जे अंदाजपंचे करत होतं ते माझी टाकी हिशेबाने करेल, असं मी स्वतःला सांगत होते. शिकलेल्या माणसाचा हा एक रोग आहे. आज्याने खणलेलं दिसत नाही, पुस्तकात छापलेलं दिसतं.

सैन्यातर्फे एक मेजरसाहेब त्या कामावर देखरेखीला होते. उत्तरेकडचे, मितभाषी, सहीआधी प्रत्येक पान वाचणारे. असा वाचणारा अधिकारी आमच्या शेठला नवीन होता आणि त्याचा त्यांना फार त्रास व्हायचा. मेजरसाहेबांनी माझी फाईल वाचली, फोटोंपाशी थांबले. मग मला घेऊन चालत त्या जागेवर गेले. उपशाला तीन आठवडे झाले होते, तळाला झरे फुटून गुडघाभर पाणी पुन्हा आलं होतं. उंबराची पिकलेली फळं पाण्यात पडत होती आणि मासे ती खायला वर येत होते. मेजरसाहेबांनी बराच वेळ ते बघितलं.

"मॅडम, सच बताइए," ते म्हणाले. "यहाँ पानी रहता है? रहता है तो लिखिए, हम बिल्डिंग शिफ्ट करेंगे। मैं लिखकर दूँगा।"

इतकं सोपं होतं ते. माझ्या आयुष्यात कुणी मला खरं बोलायची इतकी सरळ परवानगी दिली नव्हती, आणि त्यानंतरही दिली नाही. मागे शेठ उभे होते. मी म्हणाले, नाही सर, परवाचा अवकाळी पाऊस साचलाय. त्या महिन्यात पाऊस झालाच नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाईलवर सही केली. त्यांनी इथल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. मी इथलीच होते, त्यांना माझ्या माहेराबद्दलही मीच कौतुकाने सांगितलं होतं.

जूनच्या आधी बावखल बुजवलं. डंपरने मुरूम आणून टाकला. मामाला मी आधी सांगितलं होतं की हद्द सैन्याची निघाली आहे, आपलं काही चालणार नाही. हद्दीचं खरं होतं, म्हणून सांगायला सोपं गेलं. पाच घरची माणसं हद्दीवर घातलेल्या नव्या तारेपाशी उभी राहून बघत होती. एका घरातला पोक्त माणूस, ज्याला मी लहानपणापासून दादा म्हणायचे, तो तलाठ्याकडे जाऊन आला, मग तहसीलदाराकडे. सगळीकडे त्याला कागद विचारला. परत येताना तो मामाच्या ओट्यावर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मामाने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. आमची पोर नोकर माणूस, असं म्हणाला, ती काय करणार, वरून आलेलं ते.  मामीने त्या दिवशी मला चहात साखर घातली नव्हती. विसरली असेल असं मी धरून चालले.

उंबर तोडला. स्थानिक जातीची झाडं लावली तर गुण होते, म्हणून पुढच्या वर्षी नर्सरीतून उंबराची चार रोपं आणून अंतराअंतरावर लावली. त्यांना हिरवी जाळी, प्रत्येकाला पाटी, पाटीवर लॅटिन नाव. ते नाव पुस्तकातून बघून मीच लिहून दिलं होतं.

आणि माझी टाकी. टाकी बांधली तेव्हा मी दुसऱ्या फाईलवर होते. आठवड्याने जाऊन बघते तर तळाला काँक्रीट, भिंतींना प्लास्टर आणि वर लोखंडी झाकण. मुकादमाने सांगितलं की उघड्या टाकीत डास होतात, जवानांची लहान पोरं आहेत, पडली म्हणजे, आणि तळ पक्का नसला तर पाया खचेल असं शेठ म्हणाले. पाणी जिरवायच्या टाकीत पाणी जिरणार नाही एवढी काळजी घेतली गेली होती. वरून वाहणारं पाणी पाइपाने रस्त्याच्या गटारात सोडलं होतं. मी शेठकडे गेले, आरडाओरडा केला. शेठने शांतपणे पुस्तक मागितलं आणि विचारलं, टाकी बांधली की गुण, असंच आहे ना, मग बांधली आहे. तेव्हा मी मेजरसाहेबांकडे जाऊ शकले असते. पण टाकीचं सांगायचं तर बावखलाचं सांगावं लागलं असतं. मी टाकीचा वरून, झाकण दिसेल असा फोटो काढला आणि फाईलला लावला.

पहिल्या उन्हाळ्यात काही कळलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मामाच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. मामी म्हणाली डाळ शिजत नाही. मामा म्हणाला यंदा समुद्राला भरती मोठी आहे. मग पानवेलीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, आधी खालच्या, मग वरच्या. मामा रोज सकाळी करपलेली पानं खुडून टोपलीत टाकायचा आणि टोपली केळीखाली नेऊन ओतायचा, मी आले असले तर माझी पाठ वळल्यावर. मी विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं, जसं काही तपासून मला काही नवं कळणार होतं. पावसाळ्याआधी त्याने पानवेल काढून टाकली. चार पिढ्यांची वेल. तो म्हणाला, वय झालं, आता होत नाही माझ्याच्याने. बासष्ट वर्षांचा माणूस, झपाझप नारळावर चढायचा. मला तेव्हा स्वतःची किळस आली होती आणि आजही येते. पण किळस आली म्हणून मी काही केलं असंही नाही.

इमारती उभ्या राहिल्या, जवानांची कुटुंबं राहायला आली. त्यांच्या बोअरवेललाही उन्हाळ्यात खारं पाणी लागायला लागलं आणि हिरव्या इमारतींच्या दारात टँकर उभे राहू लागले. अंतिम मानांकन यायचं बाकी होतं. त्याच सुमारास त्या दादाने एक अर्ज केला. या वेळी तलाठ्याकडे नाही, मानांकन देणाऱ्यांकडेच. कुणा शिकलेल्या भाच्याकडून इंग्रजीत लिहून घेतला होता. तिसऱ्या इमारतीच्या जागी पाच घरांचं जुनं बावखल होतं आणि ते बुजवलं, एवढंच त्यात होतं. तिकडून पत्र आलं की आमचे तपासणीस येतील, लगतच्या जमीनमालकाचा लेखी जबाब घेतील, आणि अर्ज खरा निघाला तर मानांकन मिळणार नाही आणि खोटी माहिती भरणाऱ्यावर कारवाई. खोटी माहिती भरणाऱ्याच्या जागी माझी सही होती. शेठची सही कुठेच नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा स्वतःच्या नावाने सही करू दिली होती ती याच फायलीवर, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

लगतचा जमीनमालक म्हणजे मामा. शेठ म्हणाले, तुझ्या घरातला माणूस आहे, बघ.

मी आदल्या संध्याकाळी वाडीवर गेले. मामाला गप्प राहा असं सांगायचं नाही, एवढं मी वाटेत ठरवलं होतं. खरं ते सांग म्हणावं, जे होईल ते होऊ दे. पण तोंडातून तेही निघालं नाही. एवढंच म्हणाले की उद्या माणसं येतील, बावखलाचं विचारतील. मामा ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. त्याने विचारलं, "फायलीत तू काय लिवलंस?"

मी सांगितलं. रकान्याचं सांगितलं, फोटोंचं सांगितलं, मेजरसाहेबांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. दोन वर्षांत पहिल्यांदा सगळं एका दमात. मामाने धार लावायची थांबवली नाही. आतून मामी बाहेर आली होती, तिने सगळं ऐकलं. मला वाटलं ती आता मला शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती ओट्यावरची वाळत घातलेली सुकट उचलून आत गेली. मामा एवढंच म्हणाला की अंधार व्हायच्या आत नीघ, चंदनसार लांब आहे.

सकाळी तपासणीस आले, एक तरुण मुलगी आणि एक चष्मेवाला. त्यांच्याबरोबर मेजरसाहेब. त्यांची बदली झाली होती, पण सही त्यांची म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. शेठ गाडीतच बसून राहिले. दादाही आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. मामीने सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं, टँकरच्या पाण्याचं. त्या मुलीने चांगल्या मराठीत मामाला विचारलं की इथे बावखल होतं का. न घाबरता सांगा, म्हणाली. ती मनापासून विचारत होती. मेजरसाहेबांनी विचारलं होतं, तसंच.

मामाने आधी दादाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाय. बावखल कधीच नव्हतं. पावसाचं पानी साचायचं. पानी काय, सगलीकडं साचतं."

 दादाने हातातला सरबताचा पेला न पिता ओट्याच्या कडेवर ठेवला आणि उठून गेला. चाळीस वर्षं त्याने आणि मामाने त्या बावखलात शेजारी शेजारी उभं राहून गाळ काढला होता. त्यानंतर मामा जिवंत असेपर्यंत तो त्या ओट्यावर चढला नाही. चष्मेवाल्याने जबाब लिहून वाचून दाखवला: सदर जागी कोणतेही तळे, बावखल अथवा पाण्याचा साठा माझ्या किंवा माझ्या पूर्वजांच्या काळात नव्हता. पाण्याबद्दल आमच्या घराण्यात कुणी लिहून दिलेला तो पहिला कागद. मामाने चष्मा नाकावर सरकवून सही केली, सावकाश, पूर्ण नाव. मेजरसाहेब मामाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता, त्यामुळे ती मला सहन झाली नाही.

सगळे निघाले. कागद माझ्या हातात होता, त्याच्या तीन प्रती काढून फायलीला लावायच्या होत्या. मामा मला पोचवायला फाटकापर्यंत आला. मी रडत होते आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते, माफ कर किंवा तसलंच काहीतरी, ते धड जमत नव्हतं. त्याने ते ऐकून घेतलं नाही.

"नोकरी राहील ना, बाय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, राहील. त्या सकाळी त्या ओट्यावरून फाटकापर्यंत आम्ही दोघं मिळून जे काही बोललो, त्यातलं तेवढंच खरं होतं.